नवमीला उघडा राहिलेला पत्रा

ये मृणाल, अशी जवळ येऊन बस. तो लॅपटॉप मिटव आधी. सासू काही सांगायला लागली की तुझा एक डोळा त्या पडद्यावर असतो, ते मला फोनवरूनसुद्धा कळतं बरं. बोलायला जावं तर मध्येच तुझी मीटिंग येते, म्हणून लिहूनच काढते आहे. परवा तू म्हणालीस, "आई, त्या जुन्या गाडीचं बघून टाकू या का? एक माणूस आहे, येऊन उचलून नेतो." किती सहज म्हणालीस. दिवाणखान्यातला सोफा इकडचा तिकडे करावा तसं. आणि हे डोकं तुझं नाही, तेही मला ठाऊक आहे. नितीनने तुला पुढे केलं. आईला स्वतःच्या तोंडाने सांगायची छाती नाही, म्हणून बायकोला पाठवलं. ओळखलं म्हणावं त्याला.

रागावले नाही गं. पण जे उचलून न्यायचं ते काय आहे, एवढं तरी ऐकून घे. तू या घरात आलीस तेव्हा ती गाडी कारपोर्टच्या छपराखाली होतीच, राखाडी, पोपडे धरलेली, चाकं बसलेली. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्या माणसांना काही टाकवत नाही. आणि लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आलीस तेव्हा ओट्यापाशी उभी राहून तू मला हळूच विचारलं होतंस, "बाबा आधीपासूनच इतके गप्प होते का?" मी चहा गाळत होते. गाळतच राहिले. तू समजूतदार, पुन्हा विचारलं नाहीस. तर त्या प्रश्नाचं उत्तर आणि ही गाडी, दोन्ही एकाच ठिकाणी उभं आहे बघ.

आता इथे ऑक्टोबर लागला. सकाळी दार उघडलं की वारा अंगाला चटका देत नाही. चार महिने वाळवंटातल्या या चँडलर गावात आम्ही उंदरासारखे बिळात राहतो, मग एक दिवस असा येतो की माणसं बाहेर दिसायला लागतात. झेंडूची रोपं दुकानात येतात. हवा अशी झाली की माझे हात आपोआप कापडाचा तुकडा शोधतात. मऊ, पातळ, धुऊन धुऊन जीव गेलेला. का ते सांगते.

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, आमच्या गल्लीच्या टोकाला घरं संपायची आणि कापूस सुरू व्हायचा. हो, कापूस. तू आता जिथे भाजी आणायला जातेस ना आमच्याकडे आलीस की, तिथे पऱ्हाटीच पऱ्हाटी होती. वेचणीआधी पानं गळावीत म्हणून विमानातून औषध मारायचे, त्याचा वास कुजलेल्या पत्ताकोबीसारखा, आठवडाभर घरात भरून राहायचा. नितीन नाकाला शर्ट लावून म्हणायचा, "मॉम, इट स्टिंक्स." मला मात्र त्याच्या मागोमाग येणारा पांढरा रस्ता आवडायचा. ट्रकमधून उडालेला कापूस दोन्ही कडांना साचायचा. मी अमरावतीकडची. माझे वडील जिनिंगमध्ये फिटर होते. खंडेनवमीला अख्खं जिन बंद. पट्टे उतरवलेले, मशीनला झेंडूच्या माळा, पाने-हातोड्या धुऊनपुसून ओळीने मांडलेल्या, त्यांच्यावर हळदकुंकू. त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावायचा नाही. एरवी जिनच्या आवाजात आम्ही ओरडून बोलायचो, त्या एका दिवशी वडील घरात हळू बोलायचे, तर आम्हाला ते दुसरेच कुणी वाटायचे.

यांना याचं काही नव्हतं. तुझ्या सासऱ्यांना म्हणजे. इंजिनियर माणूस, देवाला नमस्कार करायचा तो आंघोळीनंतर टॉवेल गुंडाळता गुंडाळता. चिप बनवणाऱ्या फॅक्टरीत होते. पायापासून डोक्यापर्यंत पांढरा अंगरखा घालून काम. मला सांगायचे, "अगं, तिथे एक धुळीचा कण पडला ना, तर सगळी बॅच फुकट." घरी आल्यावरसुद्धा ती सवय जायची नाही. मी पोळी लाटताना पीठ उडालं की माझ्याकडे असे बघायचे, की मी जणू कंपनीच बुडवली. मग स्वतःच हसायचे. हसायचे गं तेव्हा. जोरात हसायचे. गाडीत गाणं म्हणायचे, आणि चुकीच्या सुरात.

मग ती मंदी आली आणि त्यांच्या अख्ख्या विभागाला ले-ऑफ दिला. एकट्याला नाही, सगळ्यांना. पण सगळ्यांना मिळालं म्हणून कुणाला कमी मिळतं असं नसतं. पहिले काही आठवडे सकाळी दाढी करून, शर्ट खोचून टेबलाशी बसायचे, अर्ज लिहायचे. नंतर दाढी राहिली. मग शर्टही. उन्हाळा चढत होता, एअरकंडिशनर घरघरत होता, आणि हे पडदा ओढून पलंगावर. मी शाळेच्या कँटीनमध्ये लागले होते, दुपारी परत यायचे तेव्हा सकाळचं ताट झाकलेलं तसंच.

शेजारी डोरोथी राहायची, एकटी, ऐंशीला टेकलेली. तिच्या नवऱ्याची गाडी तिच्या अंगणात वर्षानुवर्षं उन्हात उभी होती. दोन दारांची, लांबलचक, एके काळी निळी. डोरोथीने एक दिवस कुंपणावरून यांना हाक मारली, "तुला वेळ आहे ना रे? मग ही ने बाबा. मला जागा होईल." ते 'वेळ आहे ना' मलाच बोचलं. पण हे उठले. किती दिवसांनी चपला घालून बाहेर गेले. गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवर नख ओढलं आणि मला म्हणाले, "वरवरचा गंज आहे. आतला पत्रा शाबूत आहे."

मला त्यातलं काय कळणार? पण तो आवाज कळला.

बर्फाच्या प्रदेशात गाड्या खालून सडतात, मिठाने. इथे वाळवंटात त्या वरून गंजतात. ऊन रंगाला भाजून काढतं, रंग खडूसारखा भुरभुरतो आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर तांबूस पापुद्रा धरतो. बॉनेट, टप, डिकी, जिथे जिथे आभाळ दिसतं तिथे. खालून लोखंड नव्यासारखं. हे सगळं मला यांनीच शिकवलं. लायब्ररीतून पुस्तकं आणली. आधी तारेचा ब्रश, मग जाडा पॉलिश पेपर, मग मध्यम, मग बारीक. पहाटे उजाडलं की सुरू, ऊन तापलं की बंद. खर्र खर्र असा आवाज घरात यायचा आणि मी पोहे परतता परतता तो ऐकायचे. थांबला की माझाही उलथना थांबायचा. पुन्हा सुरू झाला की बरं वाटायचं. माणूस उठलाय, हात हलतायत.

काचांना त्यांनी वर्तमानपत्र चिकटवलं होतं. नोकऱ्यांच्या जाहिरातींची पानं. त्यावर लाल पेनाचे गोल होते, जुने.

आणि कापडाचं. खळगे डोळ्यांना दिसत नाहीत म्हणाले, हाताला लागतात. आणि नुसत्या हातालाही नीट लागत नाहीत, हातात आणि पत्र्यात पातळ कापड धरलं की लागतात. माझी लग्नातली पातळं तेव्हा विरायला आली होती, त्यातलं एक मी फाडून दिलं. ते फिरवून बघत, मग मला हाक मारत, "अगं, जरा हात दे." मी ओले हात पुसून यायचे तर म्हणायचे, "नीट पूस. तेल नको, घाम नको, तुझ्या पोळीचं पीठ तर मुळीच नको." मग मी डोळे मिटून पातळाखालून हात फिरवायचे. मला लगेच कळायचं. आयुष्यभर तांदूळ निवडले, कणीक मळली, हाताला सवय. मी म्हणायचे, "इथे." ते म्हणायचे, "इथे कुठे? काही नाही." मी म्हणायचे, "तुमच्या फॅक्टरीत चालत असेल, माझ्या पोळपाटावर चालणार नाही." मग ते तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचे, वाळवायचे, घासायचे, पुन्हा हाक. तो उन्हाळा आमच्या संसारातला फार चांगला काळ होता असं मी म्हटलं तर तू मला वेडी म्हणशील. नोकरी नाही, पुढचं काही ठाऊक नाही, आणि मी कुणाच्या तरी मेलेल्या नवऱ्याच्या गाडीवर माझ्या लग्नाच्या पातळाने हात फिरवते आहे.

त्यांचा कॉलेजातला एक दोस्त, बापट, सनीव्हेलला चिपच्याच कंपनीत होता. तो फोन करायचा, "वश्या, ये ना यार इकडे. माझ्या साहेबाशी भेट घालून देतो. पण समोर येऊन बस, कागदावर कुणी बघत नाही." हे म्हणाले, "येतो. दसऱ्याला गाडीला रंग देतो आणि तीच घेऊन येतो." फोन ठेवून मला म्हणाले, "माझा अज्ञातवास दसऱ्याला संपतो बघ. पांडवांनी शमीवरून शस्त्रं काढली, मी गाडी काढीन." तुला माहीत आहे का, इथली ती मेस्कीटची झाडं आपल्या शमीच्याच कुळातली. मी त्यांना सांगितलं तर इतके खूश झाले, की नितीनला बोलावून झाड दाखवलं. तो म्हणाला, "ओके, डॅड. इट्स अ ट्री."

म्हणजे काय पणाला लागलं होतं, आलं ना तुझ्या लक्षात? मला रंगाशी काही घेणं नव्हतं. गाडी रंगली तर हे सनीव्हेलला जातील, माणसासमोर बसतील, पुन्हा तो पांढरा अंगरखा चढवतील. नाही रंगली तर तो पलंग आणि तो पडदा. एवढंच. मी देवाजवळ दुसरं काही मागितलं नाही त्या वर्षी.

तर अष्टमीपर्यंत सगळी गाडी घासून झाली. शेवटचा हात मारला, थिनरने पुसली. एक ठिपका राहिला नाही. मृणाल, उघडा पत्रा तू कधी पाहिला नसशील. चांदीसारखा नसतो तो, पाण्यासारखा असतो. ऊन त्यावर थरथरत होतं. पुस्तकात लिहिलं होतं की पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा हात, मारा. यांना ते माहीत होतं. पण उन्हाळाभर ते जेवढा भाग घासायचे तो आठवडे आठवडे उघडाच असायचा आणि त्याला काही व्हायचं नाही. वाळवंटाची हवा, ओल कुठून येणार? आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

मी नाही म्हटलं गं, त्यांनीच म्हटलं. आयुष्यात कधी नवमी न पाळलेला माणूस. "उद्या हत्यार उचलणार नाही मी. या वेळी सगळं रीतसर करायचं. उद्या पूजा, परवा मुहूर्तावर रंग." आशा लागली की माणूस देवभोळा होतो. सुखात असताना कोण विचारतो? मला वडील आठवले, जिन आठवलं. मी काय नको म्हणणार होते?

नवमीला त्यांनी गाडी ढकलत पुढे घेतली, नाक कारपोर्टच्या बाहेर, पूर्वेला. मागचं शेपूट छपराखाली, बाजूच्या भिंतीशेजारी. समोर पाटावर तारेचा ब्रश, पॉलिश पेपर गुंडाळलेला ठोकळा, कानशी, स्प्रेची बंदूक. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. मग बॉनेटवर त्यांनी ओल्या बोटाने कुंकवाचा 'श्री' काढला. मी पाण्याचा हात फिरवला, नारळ फोडला, थोडं पाणी चाकांवर शिंपडलं. डोरोथी कुंपणापलीकडून बघत होती. म्हणाली, "तुम्ही तिचं लग्न लावताय का?" हे म्हणाले, "उद्या. आज हळद." केवढे हसलो आम्ही तिघं.

ऑक्टोबरात इथे पाऊस नसतो. नसतोच. तिकडे खाली मेक्सिकोच्या समुद्रात कुठलंसं वादळ मोडलं आणि त्याची शेपटी संध्याकाळी आमच्यावर आली. जोराचा नाही, बारीक, भुरभुर, वाऱ्यासकट. गाडी मागे घ्यायला हवी होती. पण मागे ढकलायची तर आधी समोरचा हत्यारांचा पाट बाजूला करायला हवा, आणि ते म्हणाले, "आज नाही. मांडलेलं आज हलवायचं नाही. दोन थेंबांनी काय होतं?" ताडपत्री टाकली, ती वाऱ्याने उडाली. पुन्हा टाकली, पुन्हा उडाली. मग आम्ही आत आलो.

दसऱ्याला सकाळी ऊन लख्ख. मी पुरणाची डाळ शिजत टाकली होती. हे चहाचा कप घेऊन बाहेर गेले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. गाडी गेरूने सारवल्यासारखी झाली होती. दिसत होती तेवढी सगळी नारिंगी, एकसारखी, आणि 'श्री' होता तिथे काळपट तपकिरी. त्यांनी एक बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, रुमालाला पुसलं. कप बॉनेटवर ठेवला. उन्हाळाभर त्या पत्र्याला कुणी उघड्या हाताने शिवायचं नाही म्हणून मला ओरडणारा माणूस, त्याने त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

आत आले. मी म्हटलं, "वरवरचाच आहे ना हो?"

"वरवरचाच."

"मग एका दिवसाचं काम."

"तेवढंही नाही. दोन-तीन तास."

"मग आज मुहूर्त आहे. मी मदत करते."

"करू," म्हणाले, आणि पलंगावर जाऊन बसले.

संध्याकाळी आमच्या ओळखीचे कुळकर्णी पतिपत्नी सोनं द्यायला आले. डोरोथीच्या अंगणात इथे ऑर्किड ट्री म्हणतात ते, आपल्या कांचनासारखं झाड होतं, त्याचं पान अगदी आपट्यासारखं, आम्ही सगळे तेच लुटायचो. कुळकर्णी गाडीभोवती फिरून आले, म्हणाले, "देशमुख, अर्ध्या तासाचं काम आहे हे. मी कोट काढतो, तुम्ही पेपर आणा." कोट काढलासुद्धा बिचाऱ्यांनी. हे म्हणाले, "राहू दे हो. सणाच्या दिवशी कुठे हात काळे करता?" मग पुरणपोळी वाढा म्हणाले मला. छान बोलले सगळ्यांशी. इतके छान, की सुनंदा कुळकर्णी जाताना मला म्हणाली, "सावरले हो देशमुख." मी तिला पान दिलं, कुंकू लावलं आणि दार लावून घेतलं.

बापटचा फोन आला की म्हणायचे, "गाडी झाली की निघतो." दिवाळी झाली. बापटचे फोन लांब लांबचे झाले. त्याच्या साहेबाने दुसरा माणूस घेतला, त्याला त्याचं काम होतं, तो किती थांबणार? पाटावरची हत्यारं मी उचलली नाहीत. रोज त्यांच्याभोवतीने झाडायचे. वाटायचं, मांडली त्यांनी, उचलतील तेच. झेंडू वाळून काळा झाला, मग फक्त तोच काढला.

आणि मग एक दिवस, थंडी सुरू झाली होती, मी कँटीनमधून आले तर स्प्रेचा आवाज. माझे पाय धावले गं. कोपऱ्यावरून वळले तर हे तोंडाला रुमाल बांधून गाडीला राखाडी प्रायमर मारत होते. गंजावरून. न घासता, न पुसता, कपाचा गोल उठलेला होता त्याच्यावरून, 'श्री'वरून. रस्त्यावरचा कापूस उडून ओल्या रंगात चिकटत होता आणि ते काढतही नव्हते. एक धुळीचा कण पडला तर बॅच फुकट म्हणणारा माणूस. मी तिथेच उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं, हात थांबवला नाही. "निदान एकसारखी दिसेल," म्हणाले.

तेव्हा मला कळलं. ले-ऑफच्या दिवशी कळलं नव्हतं, दसऱ्यालाही नाही.

पुढचं तुला ठाऊक आहेच. हार्डवेअरच्या दुकानात खिळे-स्क्रूच्या फळीपाशी लागले, तिथूनच रिटायर झाले. वाईट काही नाही, चांगली माणसं होती दुकानात. अर्ज पुन्हा कधी केला नाही. गाडीत गाणंही नाही. भांडण नाही, दारू नाही, कुणाला सांगावं असं काहीच नाही. प्रायमर पाणी धरतो म्हणतात, त्याच्या आत ओल शिरत राहते. राखाडीखालून तांबूस डाग एकेक करून वर आले. नितीन मोठा होत होता, मित्र आले की म्हणायचा, "कॅन वी पुट समथिंग ओव्हर इट?" आम्ही चादर टाकायचो. मला पुष्कळदा वाटलं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पाचव्या, की आता म्हणावं, "चला, परत घासू या, मी हात देते." त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की शब्द गिळायचे. नाही म्हणाले असते तर चाललं असतं. ते "करू" म्हणाले असते.

तर ऐक. त्या माणसाला सांग, घेऊन जा म्हणावं. हो, खरंच. आता ती रंगणार नाही, आणि मीही रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून किती बघू? यांना विचारलं मी काल. टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "नेऊ दे. डोरोथीला जागा होईल." डोरोथीला जाऊन किती वर्षं झाली. मी त्यांचे पाय चेपत बसले.

फक्त तो येण्याआधी तू ये. नितीनला सुट्टी नसेल तर एकटी ये, तुमच्या ॲशबर्नहून विमानाने काही लांब नाही. येताना बरोबर काही आणू नकोस, पातळाचा तुकडा माझ्याकडे आहे. कारपोर्टखाली भिंतीच्या बाजूने अंग चोरून मागे जावं लागतं, तू बारीक आहेस, जाशील. मागच्या चाकाच्या वर, जिथे पाऊस पोचला नव्हता, तिथे एवढासा भाग अजून धड आहे. डोळे मिटायचे, कापडाखालून हात फिरवायचा, सावकाश. तुझ्या हाताला काही लागणार नाही. काहीच लागणार नाही, तेच तुला दाखवायचं आहे. तसे होते बाबा, आधी. झेंडू फुलला आहे, डाळ मी भिजत घालीन, या आठवड्यातच ये.